घर क्रमांक सदतीस

रविवार, १७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, सासूबाईंना आणि भावजींना नमस्कार, चिमीला पापा. सगळ्यांचं आधीच लिहून टाकते, पुढे लक्षात राहील याची खात्री नाही.

मी बरी आहे. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. बाबा भेटेल त्याला सांगतात, "आमची धाकटी टीव्हीत आहे." किती वेळा म्हटलं, बाबा, मी टीव्हीत नाही, लोक टीव्ही कसा बघतात ते विचारत घरोघर फिरते. तर म्हणतात, "मग टीव्हीचंच झालं की." घरातली पहिली पदवीधर दारं वाजवत हिंडते, हे त्यांना चारचौघांत सांगवत नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तुझा फोन ओट्यावर नळाशी टेकवलेला असतो, स्पीकर चालू. मी बोललेलं सगळं घर ऐकतं. शिवाय पाकिटात एक कागद घालायचा आहे. त्याचं नंतर सांगते.

आधी चांगली बातमी. अहवाल संपला. मोबाइलवर टीव्ही बघायला बाजार आहे का, असला तर केवढा, एवढाच प्रश्न होता. चाळीस घरांत आम्ही माणशी एकेक फोन दिला आणि तीन महिने कोण काय बघतं ते नोंदवलं. अहवाल मांडून झाल्यावर मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. एक तारखेपासून मी कायम होणार.

बाजार आहे, ताई. रग्गड आहे.

नोकरी लागली तेव्हा मी तुला म्हणाले होते, ज्यांना कधी कुणी काही विचारलं नाही त्यांना मी विचारणार, आणि ते सांगतील ते जसंच्या तसं मोठ्या लोकांच्या टेबलावर ठेवणार. तू म्हणालीस, "ठेव बाई. पण आधी टेबल पुसून घे." मला तेव्हा राग आला होता.

फोन वाटण्याआधी नोंदी करायला मी आठवडाभर तुझ्याकडे राहिले होते. साडेसात ते साडेआठ. सासूबाई खाटेवर, तू खाली भिंतीला पाठ लावून, पाय लांब पसरून. मालिकेतल्या थोरल्या जावेला दोघी मिळून शिव्या घालत होतात. तू उठायला लागलीस की सासूबाई म्हणायच्या, "बस गं. दूध उतू गेलं तर जाऊ दे, ही बया आता विष कालवणार आहे." दिवसभर तुझ्या कामात खोट काढणारी बाई त्या एका तासात तुला 'बस' म्हणायची. मी वहीत लिहिलं: संच एक, प्रेक्षक दोन.

तिसऱ्या महिन्यात आले तर टीव्हीच्या जागी कपाट होतं. भावजी म्हणाले, "आता कोण बघतंय तो? मित्राला देऊन टाकला." ते फोन घेऊन गॅलरीत, चिमी फोन घेऊन पांघरुणात, सासूबाई आतल्या खोलीत कानात वायर घालून. तू भांडी घासत होतीस. मी विचारलं, "आणि तुझी मालिका?" मान न वळवता म्हणालीस, "बघते की, उभ्या उभ्या. आता बसायला निमित्तच उरलं नाही बघ."

तुझा आवाज मला कळला होता. एका पांघरुणात वाढलो आपण. तरी मी त्या वाक्याचं काय केलं ते ऐक. अहवालात लिहिलं, 'पाहण्यासाठी गृहिणीला आता काम थांबवावे लागत नाही.'

मोठे साहेब खुर्चीतून पुढे सरकले. "हे सोनं आहे," म्हणाले. "संध्याकाळचा तास विसरा आता. तिचा अख्खा दिवस आपला." पडद्यावर वर लिहिलं होतं, घर क्रमांक सदतीस. खाली तुझा पाठमोरा फोटो, मीच काढलेला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पाकिटातला कागद म्हणजे संमतिपत्र. तुझा फोटो आणि ते वाक्य त्यांना जाहिरातीत हवं आहे, तुझ्या तोंडचं म्हणून. साहेब म्हणाले, "त्या बाईशी तुझं चांगलं जमतं, सही तूच आण." मला ठाऊक आहे, मी नुसतं 'कर' म्हटलं तर तू वाचणारही नाहीस. दोघींपैकी एकीनंच पुढे शिकायचं ठरलं तेव्हाही तू मान हलवलीस आणि मी पुस्तकं उचलली. तुला काय हवंय ते कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून या वेळी वाच. तुझ्या तोंडी काय घातलंय ते तुझ्या डोळ्यांनी बघ. आणि सही करू नकोस.

पण तेवढ्यानं भागणार नाही. तू नाही म्हणालीस तर ते ऑफिसातल्या दुसऱ्या मुलीला पाठवतील, ती भावजींना गाठेल आणि भावजी म्हणतील, "कर की, त्यात काय एवढं?" मग जे तुलाही सांगितलं नव्हतं ते सांगते. नातेवाइकांचं घर घ्यायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. एक घर ऐनवेळी गळालं, घरं ठरवायची मुदत संपत आली होती आणि लग्नानंतर तुझं आडनाव वेगळं. 'मुलाखत घेणाऱ्याशी नाते' या रकान्यात मी लिहिलं, 'नाही'. हे कळलं की तुमचं घर अहवालातून रद्द होतं. वाक्य जातं, फोटो जातो. मीही जाते.

उद्या सांगणार आहे. यात मोठेपणा काही नाही. चाळीसातलं एक गेलं तरी एकोणचाळीस उरतात, त्यांचा धंदा जोरात चालेल. तुझा तास काही त्यानं परत येत नाही. सासूबाईंना एव्हाना एकटीनं हसायची सवय झाली असेल. बाबांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. तू काही बोलू नकोस, मीच सांगेन.

वाचून झालं की कागद फाडून टाक. पत्र ठेवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी, आणि उद्या अकरा वाजल्यापासून ऑफिसच्या कागदावरही तुझीच,
सख्खी बहीण