एक पोर कमी

सानगडी,
५ जून १९७९

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे कार्ड पोचले आणि घरात दोन अनर्थ झाले. ‘तुमचा आशिर्वाद असू द्या’ असे लिहून तू माझा आशीर्वाद ऱ्हस्व केलास आणि तीन ओळी खाली ‘इश्वर कसा आहे’ विचारून माझ्या मुलालाही. माझा आशीर्वाद मुळातच आखूड, हे गावाला ठाऊक आहे. पण ईश्वर तरी पुरा लिहायचा होतास. सातवी पास बहिणीने इतकी काटकसर करू नये.

आता तुझा मुद्दा. जागेश्वररावांनी (नवऱ्याचे नाव वाचून तू लाजतेस, म्हणून मुद्दाम लिहितो) वरठीच्या कारखान्यात टाइम ऑफिसची जागा माझ्यासाठी बोलून ठेवली, हे कळले. फाटकावर बसून माणसे मोजायची. रामः, रामौ, रामाः. एक आत गेला, दोघे गेले, पुष्कळ गेले. वीस वर्षे दुसरे काय करतो आहे?

शाळेचे म्हणशील तर हेडमास्तर केशवराव म्हणतात की यंदा आठवीत संस्कृतला पुरेशी पोरे जमली नाहीत तर तुकडी बंद, सगळ्यांना हिंदी. मग मला कार्यानुभव देतील, म्हणजे पोरांकडून खडू करून घ्यायचे. आजवर मी खडूने लिहिले. आता खडू मी पाडायचे आणि लिहायचे दुसऱ्याने. बढतीच ही. शाळा उघडेपर्यंत दारोदार फिरून पोरे जमवून पाहतो. जागेश्वररावांना थोडे थांबायला सांग.

तुझी वहिनी लाखोरीची डाळ पाठवते आहे. लोभ आहे तेवढा ठेव, त्याला तरी ऱ्हस्व करू नकोस.

तुझा,
दादा


वरठी,
९ जून १९७९

ती. दादांस बेबीचा शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद लांब काढला आहे, पाहून घ्या. काढता काढता शाई सांडली, ती तुमच्या नावानं.

हे म्हणतात, साहेबानं जागा महिनाअखेरपर्यंतच रोखून ठेवली. मग दुसरा माणूस घेतील. दादा, तुमची सोय होऊन राहिली, अन् तुम्ही रामः रामौ काहून करून राहिले?

इश्वर सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं सांगितलं, शाळेतली पोरं तुमाले ‘अव्यय मास्तर’ म्हणतात. अव्यय म्हणजे काय विचारलं, त म्हणे ज्याचं रूप कधीच बदलत नाही ते. बाबाचा कोट तोच, छत्री तीच, सायकल तीच. मी इतकी हसली की हे कामावरून आले तरी हसूनच राहिली होती. मग पाहिलं त इश्वर हसून नव्हता राहिला.

तुमच्या मनात काय हाय ते सरळ लिहा. तुम्ही गमतीचं लिहिता तेव्हा मले भेव वाटते. आईच्या शेवटच्या दुखण्यातही तुम्ही असंच हसवणारं लिहिलं होतं.

माया कमी करू नका, चुका मात्र कमी काढा.

तुमची,
बेबी


सानगडी,
१६ जून १९७९

चि. सौ. बेबीस आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या आज्ञेने गंमत वर्ज्य केली असती, पण खेडी फिरलो त्याला माझा इलाज नाही. डोमाजी पाटलांनी चहा पाजला, मुलगा दिला नाही. भैय्यालाल दुकानदाराने मुलगा दिला, चहा दिला नाही.

धुरपताबाई दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोजीने जाते. तिची रुखमिणी सातवी पास झाली. संस्कृत म्हणजे काय, हे तिने विचारलेच नाही. पोरीचं भलं होईन ना, एवढेच विचारले. होईल, म्हणालो. तिने लगेच रुखमिणीला माझ्या पाया पडायला लावले.

आता एकच पोर कमी आहे. ते कुठेही मिळेल. तेव्हा जागेश्वररावांना सांग, जागा दुसऱ्याला द्यावी. अव्ययाला विभक्ती लागत नाही. लावणारा नापास होतो.

पुढच्या वर्षीचा लोभही आत्ताच मागून ठेवतो.

तुझा,
दादा


वरठी,
१९ जून १९७९

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

यांना अजून काही सांगितलं नाही. पहिले मले एक समजावून द्या.

एकच पोर कमी म्हणता, अन् गावोगाव कायले शोधून राहिले? आपला इश्वर आठवीतच गेला ना? मले वाटलं, त्याचं नाव सगळ्यांच्या आधी असन. का त्याले धरूनच एक कमी हाय?

लवकर लिहा. जीव टांगणीले लागून राहिला.

बेबी


सानगडी,
२४ जून १९७९

चि. सौ. बेबीस आशीर्वाद.

त्याला धरून नाही. त्याला सोडून एक कमी आहे.

केशवरावांनीही तेच म्हटले, हसत. उणे पोर रोज तुमच्याच ताटाला ताट लावून जेवते, म्हणाले. इश्वर हिंदी घेणार. मी कारण विचारले नव्हते, तरी त्याने सांगितले: संस्कृत शिकून माणसाचे काय होते, ते तो रोज घरात पाहतो. उद्धटपणे नाही, पाणी वाढता वाढता बोलला. तुझी वहिनी त्याच्या अंगावर धावली, मीच आडवा आलो. माझ्या एका शब्दाने तो वर्गात बसला असता. ऐकणारा पोरगा आहे. तो शब्द मी काढला नाही.

काल राजीनामा दिला. केशवरावांनी थांबा म्हटले नाही. राजीनाम्यात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तो त्यांना दिसला नाही. मला दिसला, मी तसाच राहू दिला. जागेश्वररावांना सांग, महिनाअखेरीच्या आत येतो.

धुरपताबाईकडेही जाऊन आलो. रुखमिणीला आता हिंदीत बसावे लागेल, म्हणालो. हिंदीनंही भलं होईन ना, तिने विचारले. होईल, म्हणालो.

लोभ ठेव. फाटकावर बसायची मला लाज नाही, बेबी. इश्वर नको म्हणाला तेव्हा मला राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखे वाटले. मग वीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांना मी काय सांगत होतो, याची भीती वाटते.

दादा