शेंदूर धरून घडवलेला मारुती

शनिवार, श्रावण

आबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, रागावू नका. लिहिण्याजोगं काही हातून झालंय का, हेच ठरत नव्हतं. आज मी घडवलेला पहिला मारुती भडगावकडच्या एका खेड्यात गेला.

घडवताना तुमचाच आवाज कानात होता. कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्या एका मारुतीचा चेहरा घासून घासून नाजूक केलाय, आणि तुम्ही चहाची बशी खाली ठेवून म्हणता, "पोरी, याला दर शनिवारी शेंदूर लागणार. नाक-डोळे बुजून जातील. शेंदूर धरून घडव." म्हणून या वेळी डोळे खोल घेतले, भुवया जाड ठेवल्या. उघड्या दगडात तो जरा भेसूरच दिसत होता. आपल्या पाथरवट गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांतले लोक येऊन बघून गेले. पण खरी धास्ती वेगळी होती. त्या गावात मारुतीला बाईचा हात चालत नाही, आणि मूर्ती माझा भाऊच घडवतोय असं ते धरून चालले होते. कुणी विचारलंच नाही तर आपण सांगायचं का? गप्प राहणं म्हणजे फसवणं का? मूर्ती परत केली तर या गल्लीत मला पुन्हा दगड कोण देईल?

सकाळी ट्रॅक्टर आला. सोबत गावातले एक म्हातारे नाना. त्यांनी मूर्तीभोवती फेरी मारली, डोळ्याच्या खाचेत बोट घालून पाहिलं.

"डोया बराबर खोल शेतस. कोनी घडा हाऊ?"

"मी, नाना."

"बाईना हातना मारुती?" ट्रॅक्टरवाला खालीच उतरला.

नानांनी बोट धोतराला पुसलं. "अरे, आते हाऊ दगड शे. देव गावमा जाईसन व्हई. उचल!" मग माझ्याकडे वळून, "पन माय, मंग हात लावू नको हं. दूरथून पाया पड."

"आणि नाक झिजलं तर?"

"तवय पाहू!" म्हणत ते असे हसले की ट्रॅक्टरवाल्यालाही हसावं लागलं.

आता दगड आहे म्हणून माझा हात चालला, गावात देव झाला की चालणार नाही, याचा मला राग यायला हवा होता का, आबा? दिवसभर शोधला, सापडला नाही. पेंढ्यावर आडव्या ठेवलेल्या मूर्तीमागे मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि फार बरं वाटलं. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिते: त्या देवळात मी दुरून हात जोडीन, पण मनात भक्ती कमी असेल. शेंदराखालून मी कोरलेले डोळे दिसतात का, तेवढंच बघत असेन.

उद्या: छिन्न्या लोहाराकडे धार लावायला टाकायच्या.