कुणाचे 'ते'?

ती. आईस,
शिवणखोलीतून तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला. तुझे गुडघे काय म्हणतात?

एक गंमत सांगते. इथे कारखान्यात बायका सारख्या म्हणायच्या, "काल ते असं बोलले," "ते आले की रस्ते बंद." मला वाटलं, कुणाच्या तरी नवऱ्याबद्दल चाललंय. तू कशी बाबांचं नाव घेत नाहीस, तसं. "हे आले" म्हणतेस आणि आम्ही रेडिओ बारीक करतो.

शेवटी न राहवून मी विचारलं, "पण हे 'ते' नक्की कुणाचे?"

मशिनं थांबली. कुणी हसेना. कटिंग मास्तरांनी आधी खिडकी लावून घेतली, मग हळूच म्हणाले, "पोरी, सगळ्यांचेच." तेव्हा कळलं, देश चालवणारे ते.

काळजी करू नकोस, मला कुणी काही बोललं नाही. फक्त माझं मशीन खिडकीपासून लांब सरकवलंय.

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा आहे. नाव न घेणं मानाचं कधी आणि भीतीचं कधी? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुला फरक ठाऊक असेल. एकटी असताना बाबांचं नाव मोठ्याने घेऊन बघ. घसा कोरडा पडतो का, तेवढं कळव.

हे पत्र मुद्दाम मावशीच्या पत्त्यावर पाठवतेय; तिथेच वाच आणि तिथेच फाडून टाक. इथल्या 'त्यां'च्या हाती ते लागणार नाही, पण घरी नेलंस तर तुझ्या 'ह्यां'च्या लागेल.

तुझीच,
धाकटी