दीड वीत वाट

दि. ४ फेब्रुवारी

चि. रेघोट्यास,

अनेक आशीर्वाद. पोचल्याची चिठ्ठी मिळाली, जीव भांड्यात पडला. चार दिवस माझ्याच गल्लीत तुझं काम होतं, पण एकदाही पोटभर जेवायला बसला नाहीस. रेघा मारणाऱ्यांचा मुकादम झालास तरी उभ्याउभ्या घास गिळायची खोड गेली नाही.

इकडे नवा कायदा सगळ्यांच्या मानगुटीवर बसलाय. दारोदार छापील कागद चिकटवलेत. फुटपाथवर वस्तू ठेवून वाट अडवली तर पहिल्यांदा दंड, दुसऱ्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि त्यात कुणाला इजा झाली तर सहा. शेजारच्या न्हाव्याने बाहेरच्या खुर्च्या आत घेतल्या. आता गिऱ्हाइकं एकमेकांच्या मांडीवर बसायची तेवढी बाकी आहेत. माझा एक गुन्हा तर गेल्या महिन्यातच नोंदलाय, तीन ओल्या खुर्च्या बाहेर वाळत घातल्या म्हणून. रात्रंदिवस तोच घोर लागला होता.

पण तुमची पांढरी रेघ पडली, तिच्या आतलं ते माफ, आणि माझा कामाचा बाक तिच्या आत बसला. चार बोटं जागा उरली, मी मोजली. बाक दुकानात घ्यायचा म्हटला तर मीच बाहेर. खुर्चीची बैठक विणताना चारही बाजूंनी फिरावं लागतं, आणि वेत ओढायला मला आता दिवसाचा उजेडच लागतो. रेघ वीतभर जरी इकडे आली असती तर धंदा बंद करायची वेळ होती.

सगळ्यात खूश आहेत ते कोपऱ्यावरचे मास्तर, वाद्यं जुळवून देणारे. डोळे गेल्यापासून कुणाचा तरी हात धरूनच यायचे. तुमच्या रंगाचा थर जाड, तो काठीला लागतो म्हणे. आता रेघेला काठी लावून एकटे ताठ चालतात. तुमच्या भावाला माझा नमस्कार कळवा, असं दोनदा बजावलंय.

सगळ्यांना आशीर्वाद. पत्र लिहायला आळस करू नकोस.

तुझी,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं, मजकूर कळला. इकडे सगळे बरे आहोत. नव्या गावात काम सुरू झालंय. सकाळी दोरी ताणायची, खडूने आखायचं, मग रंग तापवून गाडी फिरवायची. दुपारपर्यंत पाठीचा काटा ढिला होतो. ही म्हणते, वन्संकडे चार दिवस राहून तुम्ही वाळूनच आलात.

ताई, एक विचारायचं होतं. मास्तर रोज रेघेवरूनच येतात का? तुझ्या दुकानापर्यंतच येतात की पुढच्या वळणावरूनही जातात? त्यांना सांग, त्यापेक्षा भिंतीच्या कडेने चालावं. रेघ काही काठीसाठी मारलेली नसते. रंग झिजतो, कुठे तुटतो, कुठे पातळ होतो. आंधळ्या माणसाने तिच्यावर भरवसा ठेवू नये. माझं नाव सांगून सांग. आणि काय म्हणाले ते उलट टपाली कळव, विसरू नकोस.

बाकाचं सगळं ठीक झालं हे वाचून बरं वाटलं.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. १३ फेब्रुवारी

चि. रेघोट्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या रेघेची अशी बदनामी करणारा मुकादम मी पहिल्यांदाच बघतेय. कालपरवापर्यंत तुझी रेघ म्हणजे दगडावरची रेघ होती ना रे?

मास्तरांना निरोप दिला. हसले. म्हणाले, भिंतीच्या कडेला पायऱ्या आहेत, सायकली आहेत, न्हाव्याची बादली आहे. वाट मोकळी आहे ती रेघेपलीकडे, आणि ती मोकळी राहावी म्हणूनच एवढा कायदा केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सरकारने माझ्यासाठी काही केलंय, ते मी सोडू का? मलाही त्यांचं पटलं. परवा तर माझ्यासाठी पाव घेऊन आले, आणि दुकानात शिरताना ऐट अशी की जणू मोटार चालवत आलेत.

तुझ्या पत्रात कसला तरी घोर दिसतोय. बायकोशी भांडलास का? की तब्येत? खरं ते लिही. लहानपणी दुधाचं पातेलं लवंडलंस की असाच आडून आडून बोलायचास.

वाट बघतेय.

ताई

दि. १७ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्यापासून काही लपत नाही, आणि आता लपवण्यात अर्थही नाही.

तुझ्या दुकानासमोरची रेघ वाकडी आहे. नियम असा की रेघेपासून कडेच्या दगडापर्यंत तीन फूट वाट मोकळी हवी. तुझ्याकडे वळणामुळे फुटपाथ मुळातच अरुंद. दोरी ताणली तेव्हा खडूची खूण बरोबर तुझ्या बाकाच्या मधोमध आली. तू आत चहा टाकत होतीस. तुझा एक गुन्हा आधीच नोंदलेला, दुसरा झाला तर कैद, हेच डोक्यात घुमत होतं. मी दोरी सोडली आणि तेवढा तुकडा हाताने आखला, दीड वीत रस्त्याच्या बाजूला सरकवून. टोळीतल्या पोरांनी बघितलं, पण मुकादमाला कोण विचारणार? वाटलं, डोळस माणसं आहेत, दीड वीत काय कळतंय कुणाला.

मास्तरांचं तू लिहिलंस तेव्हा कळलं, काय करून बसलोय. काठी रेघेला लावून चालणारा माणूस त्या जागी सरळ रस्त्याकडे वळतो. पुढे दोन फूटसुद्धा वाट उरत नाही, आणि दगडाची कड चांगली उंच आहे. आठवडाभर झोप नाही. जेवताना मध्येच ती जागा डोळ्यांसमोर येते.

रविवारी सुट्टी आहे. रंगाची लहान गाडी घेऊन पहाटेच्या बसने येतो आणि रेघ सरळ करून टाकतो. तोवर मास्तरांना घराबाहेर पडू देऊ नकोस. काहीही सांग, पण पडू देऊ नकोस. बाकाचं आपण समोरासमोर बसून ठरवू.

माझ्यावर रागव, पण पत्र मिळताच एवढं कर.

तुझा,
धाकटा

दि. २४ फेब्रुवारी

चि. भावास,

तुझं पत्र शनिवारी दुकानाच्या दाराखाली येऊन पडलं होतं. माझ्या हाती आलं सोमवारी दुपारी. गुरुवारपासून मी दवाखान्यात होते.

मास्तर गुरुवारी सकाळी पडले. माझ्या डोळ्यांदेखत. मी बाकावर वेत ताणत होते, ते नेहमीसारखे ऐटीत आले, या वेळी दुकानात न शिरता पुढे निघाले, बाकापाशी बाहेरच्या अंगाला वळले आणि पाय दगडावरून खाली गेला. खुब्याचं हाड मोडलंय. त्यांचं असं कुणी नाही, म्हणून मीच थांबले. मला कळेना, हा माणूस असा वळला का. आता कळलं.

इन्स्पेक्टर त्याच दिवशी आला होता. माझ्या बाकापाशी माणूस पडला असं त्याने लिहून घेतलं आणि सोमवारी मोजायला येतो म्हणाला. मी ताठ मानेने सांगितलं, खुशाल मोजा, बाक रेघेच्या आत आहे. सोमवारी आला, टेप लावली, आणि बाक निम्मा रेघेच्या बाहेर! मी रेघेकडे बघतच राहिले. म्हटलं, रेघ इथे नव्हती. तो म्हणाला, मग काय चालत आली का? लोक हसले. तुझं काम चोख, खरवडल्याची खूण शोधून सापडत नाही. न्हाव्याने सांगितलं तेव्हा समजलं की रविवारी तू येऊन गेलास.

अरे, रेघ सरळ केलीस ते केलीस, बाक तरी आत ढकलायचास! की दुकानाला कुलूप बघून तेवढंही सुचलं नाही?

दुसरा गुन्हा, त्यात माणूस जखमी. बारा मार्चला कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतो, रेघ आधी दुसरीकडे होती हे सिद्ध केलं तर सुटाल, नाहीतर सहा महिने धरून चाला. ऐकून घाबरले, खोटं कशाला सांगू. पण सिद्ध करायचं म्हणजे तुझं नाव आलं. तुझ्या पेन्शनला दीड वर्ष राहिलंय. तेव्हा मी ठरवलंय, बाक माझा होता आणि गुन्हा कबूल आहे, एवढंच बोलायचं. तू तोंडाला कुलूप लाव. ही विनंती नाही, थोरल्या बहिणीने सांगितलंय असं समज.

ताई

दि. २८ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. काय लिहू? करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

बाक मी आत ढकलला असता. न्हाव्याला हाताशी धरून आधी बाजूला घेतला होता. पण तो एक बोट जरी हलला तरी तू किती चिडतेस हे पक्कं डोक्यात. दगडावर त्याच्या पायांचे चार खळगे पडलेत. रंग वाळल्यावर नेमका त्याच खळग्यांत परत ठेवला, वर हलवूनही बघितला, डुगडुगत तर नाही ना म्हणून.

आणि एक सांगायचं राहिलं. मास्तर पडल्याचं न्हाव्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. तू दवाखान्यात आहेस तेही. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. मी गाडी गुंडाळली आणि बस पकडली. हिला वाटलं तू भेटली नाहीस. मीच आलो नाही, ताई. घाबरलो.

तू गप्प राहा म्हणतेस. राहतो. साहेब हाक मारतात तेव्हा प्रत्येक वेळी वाटतं, कळलं यांना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तुझा,
धाकटा

दि. ६ मार्च

चि. भावास,

आशीर्वाद. तुझ्यावर रागावून झालं, आता दमले. घाबरलास ते समजू शकते. मीही घाबरलेय. काल दोन खुर्च्यांच्या बैठका उलट्या विणल्या, सगळं उसवावं लागलं. हातातली कामं बारा तारखेच्या आत संपवायची म्हणून पहाटेपासून बसते. दुकानाची किल्ली न्हाव्याकडे ठेवीन. सहा महिने म्हणजे काही जन्म नाही, असं स्वतःला सांगते, आणि पाच मिनिटांनी परत सांगावं लागतं.

मास्तर अजून दवाखान्यातच आहेत. हाड जुळेल म्हणतात डॉक्टर. पण माणूस मिटला रे. पोलिसाला त्यांनी जबानी दिली की चूक माझीच, काठी रेघेवरून सुटली असणार. मला म्हणाले, बाई, तुमच्या भावाची रेघ सरळच होती, माझाच हात आता भरवशाचा राहिला नाही. ज्या हाताला तार इतकी बारीक कळायची, त्याला एवढी जाड रेघ धरता येईना. आता बाहेर पडायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. वाद्यंही कुणाला तरी देऊन टाका म्हणतात.

मी ऐकून घेतलं. तोंडाशी आलं होतं, पण तुझ्यासाठी गिळलं. घरी येऊन खूप रडले.

तू पत्र पाठवू नकोस. कोर्टाचं झालं की मीच कळवीन. पोरांना जवळ घे, आणि जेवत जा.

ताई

दि. १० मार्च

ति. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतोय. तुझं पहिल्यांदाच ऐकत नाही असं नाही, पण या वेळी समजून उमजून.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. हिने माझा कोट आणून समोर ठेवला. काल साहेबांपुढे सगळं लिहून दिलं. रेघ कधी वाकवली, का वाकवली, कधी सरळ केली, गाडी न विचारता नेली तेही. टोळीतल्या दोन पोरांनी सह्या केल्या, मी सांगितलं नव्हतं. एक प्रत कोर्टाला, एक तुझ्या वकिलाला आणि हे पत्र, सगळं आजच्या बसने माणसाहाती रवाना करतोय, टपालाने वेळेत पोचायचं नाही. बारा तारखेला तू गुन्हा कबूल करायचा नाहीस. उद्यापासून मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. पेन्शनचं काही खरं नाही. साहेब म्हणाले, तुमच्यावरही याच कायद्याने खटला होईल, वाट अडवायला बाकच लागतो असं थोडंच आहे. बरोबर बोलले. भीती वाटते, ताई, फार वाटते. पण रात्री झोप लागली.

सोबत मास्तरांना वेगळं पत्र आहे. ते त्यांना वाचता येणार नाही, आणि दवाखान्यातल्या परक्या माणसाने वाचावं असं मला वाटत नाही. तूच वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

तुझा लोभ आता मागायलाही संकोच वाटतो, पण मागतो.

तुझा,
धाकटा

(सोबतचं पत्र)

आदरणीय मास्तरांस,

सविनय नमस्कार. मी खुर्च्या विणणाऱ्या बाईंचा भाऊ, तुमच्या गल्लीत रेघ मारणाऱ्या टोळीचा मुकादम. मला तुमचे नमस्कार पोचले होते. ते घ्यायची माझी लायकी नव्हती.

बहिणीच्या दुकानासमोर मी रेघ दीड वीत रस्त्याकडे वाकवली होती. तिचा बाक वाचावा म्हणून. तिला हे माहीत नव्हतं. तुम्ही पडल्यानंतर मी येऊन ती सरळ केली, म्हणून आता कुणी हात लावून बघितलं तरी ती सरळच लागेल आणि चूक तुमचीच वाटेल. तसं नाही. हे मी कोर्टालाही लिहून दिलंय. माफी मागायला समोर येईन, पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी, म्हणून घाईने लिहितोय.

त्या सकाळी तुमचा हात चुकला नाही. काठी शेवटपर्यंत रेघेवरच होती.

आपला अपराधी,
मुकादम