पिशवीला चिकटलेलं पान

माझ्या मेईला तुझ्या धाकट्या लेकीचं खुबलेई.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, जळवाही फार चावत नाहीत. मामाचा खोकला कसा आहे?

काल आम्ही कॉलेजच्या पोरांनी इथल्या देवराईतलं प्लास्टिक वेचलं. पोती भरून निघालो, तर गावचे पुजारीबाबा आडवे.

"थांबा! देवराईतलं पानसुद्धा बाहेर जात नाही. एवढंही शिकवत नाहीत वाटतं शिलाँगला?"

"बाबा, हा कचरा आहे," माझ्या वर्गातला बानशान म्हणाला.

"कचरा खुशाल न्या. त्याला चिकटलेली पानं ठेवून जा."

मग काय, पोती ओतली आणि एकेका पिशवीवरची ओली पानं सोडवत बसलो. हसत होतो सगळे. तेवढ्यात माझ्या हातातल्या पिशवीवरचं पान सुटलं आणि खाली तुझं नाव! 'काँग थ्रीना यांचा गरम पुथारो.' पुढची पिशवी पाहिली, तीही आपलीच. इकडे येणाऱ्या गाड्या आपल्याच दुकानाशी थांबतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं गं.

बाबांनीही वाचलं. म्हणाले, "हिचा तांदळाचा पुथारो फार मऊ. पूर्वी लामेटच्या पानात बांधून द्यायची." मी आपल्या पिशव्या वेगळ्या पोत्यात भरायला लागले.

रागावले नाहीये मी, खरंच. पण आपल्यात सगळं धाकट्या लेकीकडे जातं, म्हणजे उद्या ते दुकान माझंच होणार ना? परसातलं लामेट अजून आहे का? तोडलं नाहीस ना?

शनिवारी येते. आपल्या पिशव्यांचं पोतं सोबत आणतेय.

तुझीच,
दाफिशा