मावशींकडची झोप

१३ फेब्रुवारी १९७९, मंगळवार. नाशिक रोड

बेबी आजही झोपलेलीच मिळाली. कारखान्याने पाळणाघराची सवलत काढून घेतली, तेव्हापासून तिला शेजारच्या सुमनमावशींकडे ठेवते. परवडेल अशी तेवढीच जागा. पाच तान्ही मुलं, पण एकाचंही रडणं कधी ऐकू येत नाही. कसं?

उचलल्याबरोबर माझं मंगळसूत्र ओढायची बेबीची सवय. आज हात नुसता लोंबत होता.

"मावशी, फारच झोपते हो हल्ली?"

"गुणाची आहे गं पोर तुझी," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

आमच्या गावी शेतावर जाताना बायका तान्ह्यांना अफू चाटवायच्या. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मावशीही त्याच काळातल्या. की मीच उगाच संशय घेतेय?

ह्यांना सांगितलं. "मग सरळ विचार ना त्यांना," पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

विचारते की! आणि त्या हो म्हणाल्या तर? उद्या माझी सकाळची पाळी. बेबीला ठेवू कुठे?

आत्ता तिच्या मुठीत मंगळसूत्र देऊन पाहिलं. धरेना.

उद्याची तिची दुपटी मात्र मी घडी करून पिशवीत भरून ठेवली आहेत.