मागं बसलेल्या आजी

साहेबांस नमस्कार.

मी धारूरची वनमाला. विंचू उतरवायच्या आमच्या पाल्यावर कंपनीनं मागितलेलं पेटंट तुम्ही नाकारलंत, त्याबद्दल लई आभार.

हरकत आमच्या गावाची होती. व्हिडिओवरच्या सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, "पाला गावाला माहीत असेल, पण तो शेळीच्या दुधात वाटायचा हा शोध आमचा." दूध घालतात हे मलाच ठाऊक नव्हतं. माझी आई छबुबाई औषध वाटताना कुणालाच जवळ येऊ देत नसे.

तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा, मागं बसलेल्या आजी बोलतायत."

मी वळून पाहिलं. आईची बाज रिकामी होती. तुम्ही मात्र मान डोलावत ऐकत होतात.

"पहिल्या वेताच्याच शेळीचं दूध, असं म्हणताय ना आजी? म्हणजे हे तुमच्यात आधीपासून चालत आलंय."

आणि ते तुम्ही लिहून घेतलंत.

साहेब, आई जाऊन वर्ष झालं. हे कळलं तर निकाल फिरेल, म्हणून हे पत्र मी टाकणार न्हाई. पण मला तिचा आवाज आलाच न्हाई हो. माझ्याबद्दल काही बोलली का ती?

आपली,
वनमाला